घळीतला झरा

"गायधनी, मला घाम येत नाहीये रे," शशी म्हणाला.

मी पुढं चालत होतो. मागं न बघताच म्हणालो, "बरंय की मग. इथं माझ्या पाठीवरून ओढा वाहतोय."

"बरं नाहीये. जरा थांब."

शशिकांत बोरस्ते आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचा. शरीराला काय मानवतं आणि काय नाही हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळायचं. मी थांबलो आणि वळून पाहिलं. तो दहा-पंधरा पावलं मागं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभा होता. सहा फुटांचा गडी. शिट्टी न वाजवता मैदानावर दोनशे पोरं ओळीत उभी करायचा. मी जवळ जाऊन त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं ठाक होतं आणि इतकं तापलेलं, की मी हात पटकन काढून घेतला.

"किती पाणी आहे?" त्यानं विचारलं.

"पाऊण बाटली."

"माझ्याकडं घोटभर असेल."

सकाळचे साडेदहा वाजले होते. मे महिन्याची सोळा तारीख, साल नव्व्याण्णव. आम्ही साल्हेरपासून निघालो त्याचा तो अकरावा दिवस. सह्याद्रीच्या माथ्यामाथ्यानं चालत भीमाशंकरला पोचायचं, असा बेत होता. सहा वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये नकाशे पसरून या वाटेवर बोटं फिरवली होती. थंडीत जायला हवं हे कळत होतं, पण मास्तरांना सलग वीस दिवस मोकळे मिळतात ते उन्हाळ्यातच. शेवटी शशी म्हणाला होता, "आणखी दहा वर्षांनी आपण दोघं फक्त नकाशावरच चालू. या मेमध्ये निघायचं."

एकोणिसाव्या दिवशी वैजयंतीवहिनी, म्हणजे शशीची बायको, लेकीला घेऊन एसटीनं भीमाशंकरला येणार होत्या. "शेवटचे दोन मैल मीही तुमच्याबरोबर चालणार," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. त्यासाठी नवे बूट घेतले होते आणि ते घालून रोज संध्याकाळी त्या शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत होत्या.

भूगोल माझा विषय, त्यामुळे नकाशा माझ्याकडं. पाणी कुठं आहे, मुक्काम कुठं करायचा, हे मी ठरवायचो आणि शशी मान डोलवायचा. त्या दिवशी पहाटे पाचला निघून साडेआठला आम्ही एका कातळात खोदलेल्या टाक्यापाशी पोचलो होतो. टाक्यात हातभर पाणी होतं आणि त्यात एक वानर मरून पडलं होतं. फुगलेलं. माश्या घोंगावत होत्या.

"उकळून घेऊ," शशी म्हणाला होता.

"वेडा आहेस का? पुढं घळीत झरा दाखवलाय. बारमाही. दोन तासांत पोचू."

"दोन तास?"

"फार तर अडीच."

त्यानं वानराकडं एकदा बघितलं आणि सॅक पाठीवर टाकली. वाद घातला नाही. आदल्या दिवसापासून त्याचं पोट बिघडलं होतं, तीन-चारदा बसावं लागलं होतं, हे त्यानं मला सांगितलंच नव्हतं. ते मला कळलं तो घाम येत नाही म्हणाला त्यानंतर, पठाराच्या मधोमध.

पठार म्हणजे काळा, उघडा कातळ. मधूनमधून वाळलेलं गवत आणि करवंदीच्या जाळ्या. वर बघवत नव्हतं आणि खाली कातळाकडं बघितलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. बुटाच्या तळव्यातून चटके बसत होते. पश्चिमेला कडा होता आणि त्याखाली धुरकट कोकण. वारा नावाला नव्हता. अकरा दिवसांत आम्हाला ऊन लागलं होतंच, पण ते चालताना लागलेलं. इथं आम्ही थांबलो आणि ते चारी बाजूंनी अंगावर आलं.

अंजनीचं एक खुरटं झाड दिसलं. माझ्या खांद्याइतकं उंच. शशीला धरून तिथवर नेलं. शंभर पावलांचं अंतर होतं, पण तो दोनदा बसला. झाडाच्या फांद्यांना चादर बांधून थोडी सावली वाढवली. त्याचे बूट काढले. रुमाल ओला करून डोक्यावर ठेवला. बाटलीत साखर-मीठ टाकून त्याला पाजायला लागलो, तर चार घोट घेतले आणि ओकून टाकले.

"वाया गेलं," तो म्हणाला. "वानराचं पाणी बरं होतं, नाही?"

"गप्प बस."

"नाही, खरंच. ते बिचारं पाण्यापर्यंत पोचलं तरी."

तो हसला. ओठांना चिरा पडल्या होत्या. मी नकाशा काढला. झरा समोरच्या घळीत होता. अंतर फार नव्हतं, पण उतार खडा होता. त्याला घेऊन उतरणं अशक्य होतं.

"मी जाऊन पाणी आणतो. तू इथून हलू नकोस."

"किती वेळ लागेल?"

"जाऊन येऊन दोन-अडीच तास."

"तुझे दोन तास मला माहीत आहेत." मग जरा थांबून म्हणाला, "जा. बाटली घेऊन जा. तुला उतरायचंय."

"बाटली तुझ्याजवळच राहील."

मी सगळं पाणी त्याच्याजवळ ठेवलं. पाच लिटरचा रिकामा कॅन घेतला आणि निघालो. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वीसेक पावलांवर त्यानं हाक मारली.

"गायधनी!"

"काय रे?"

"वैजूला हे सांगू नकोस हां. ओकलो-बिकलो ते. माझी चेष्टा करील ती वर्षभर."

मी हात हलवला.

घळ उतरताना मी एकदा चुकलो. एका कड्याच्या टोकावर निघालो आणि परत वर यावं लागलं. घोळाण्यावरून, म्हणजे सुट्ट्या दगडांवरून, घसरलो, कोपर सोललं. जीभ टाळ्याला चिकटली होती. डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचत होते. मग खाली हिरवा तुकडा दिसला. चार-पाच जांभळी, एक उंबर. त्यांच्या बुंध्याशी कातळात एक कपार होती, कपारीत ओंजळभर डबकं, आणि डबक्याशी एक बाई वाटीनं हंड्यात पाणी भरत बसली होती. खालच्या वाडीतली. नाव चिमाबाई भांगरे. पन्नाशीची असेल. झरा बोटाएवढा होता. एक वाटी भरून घेतली की पुढची भरायला थांबावं लागायचं.

मी पाणी प्यालो. वर माणूस पडलाय असं चिमाबाईला सांगितलं. ती तशीच उठली. वाडीच्या दिशेला तोंड करून तिनं दोन मोठ्या हाका मारल्या, आणि कोणी येईपर्यंत न थांबता माझ्या पुढं घळ चढायला लागली. अनवाणी. डोक्यावर हंडा. मी कॅन घेऊन तिच्या मागं. ती मला सारखी विचारत होती, "किती येळ झाला? कव्हाचा पडलाय?" आणि मी "वर आहे, वर आहे" एवढंच म्हणत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. शशी झाडाखाली नव्हता. चादर होती, सॅक होती, रिकामी बाटली होती. तो घळीच्या दिशेनं चाळीसेक पावलांवर पालथा पडलेला होता. उन्हात. अंगात सदरा नव्हता. हाताचे तळवे आणि गुडघे भाजले होते, म्हणजे तो रांगत आला होता. चिमाबाईनं हंडा त्याच्या डोक्यावर रिकामा केला. मी कॅनमधलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. ते गालावरून खाली आलं आणि कातळावर पडल्या-पडल्या वाळलं.

चिमाबाईनं त्याच्या छातीवर हात ठेवला, नाकापाशी बोटं धरली. मग पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"गेलं," ती म्हणाली. "पर अंग निवलं नाय अजून. लई येळ नाय झाला."

वाडीतून चार माणसं आली. त्यांनी घोंगडीची झोळी करून त्याला खाली नेलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून हवालदार आला. देवळाच्या ओट्यावर बसून त्यानं पंचनामा लिहिला. मी सांगत गेलो. टाकं, वानर, घाम, अंजनीचं झाड. अकरा दहाला निघालो. वाट चुकलो. झरा बोटाएवढा होता, वाटी-वाटीनं कॅन भरावा लागला, त्यात वेळ गेला.

हवालदार चिमाबाईकडं वळला. "बाई, हे गुरुजी तुमच्याकडं किती वाजता आले?"

"मला घड्याळ कुठं कळतंय?"

"बरं, पाणी भरायला किती वेळ लागला असंल?"

चिमाबाई माझ्याकडं बघत राहिली. मी जमिनीकडं बघत होतो, तरी ती बघतेय हे मला कळत होतं.

"पानी येवढुसंच हाय आमचं," ती म्हणाली. "तुमीच येऊन बगा."

हवालदारानं लिहून घेतलं. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला.

आता जे मी गाळलं ते सांगतो.

मी झऱ्यापाशी पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. मला बघून चिमाबाईनं हातातली वाटी टाकली आणि मला धरून सावलीत बसवलं. आपल्या हंड्यातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, मग थोडं थोडं पाजलं. माझा कॅन बघितला आणि न विचारता हंडा वाकडा करून तो काठोकाठ भरून दिला. सकाळपासून वाटी-वाटीनं जमवलेलं पाणी. कॅन भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"एकटाच हायेस?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मी स्वतःलाही आजवर नीट सांगू शकलेलो नाही. तिनं ती होकाराची धरली.

"मग बस हितंच. ऊन उतरस्तोवर हलू नको. मरशील."

मी बसलो. जांभळीची सावली गार होती. पाठ ओल्या कातळाला टेकली होती. समोर घळीच्या वरच्या तोंडाशी उन्हाचा पांढरा पट्टा दिसत होता आणि त्याच्याकडं बघितलं की मी पाय आणखी सावलीत ओढून घ्यायचो. मी स्वतःशी म्हटलं, पाच मिनिटं. मग म्हटलं, साडेबाराला उठू. मग एक वाजला.

मला ग्लानी आली नव्हती. मी झोपलो नव्हतो. पाय चालत होते. हे मी पुढं अनेकदा तपासून बघितलंय, कारण यातलं एक जरी खरं असतं तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं. मी टक्क जागा होतो आणि दर पाच-दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो. चढायची भीती वाटत होती, ते आहेच. पण एवढंच असतं तर मी चिमाबाईला सांगू शकलो असतो. खाली वाडी हाकेच्या अंतरावर होती. उन्हाला सरावलेली माणसं होती, तासाभरात ती वर पोचली असती. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. वर माझा मित्र आहे. पण सांगितलं की ते म्हणणार, चल, दाखव. आणि मला त्या सावलीतून उठायचं नव्हतं. पुढं पुढं तर दुसरंच होऊन बसलं. दीड वाजता सांगितलं असतं, तर सव्वा तास का गप्प बसलास, असं तिनं विचारलं असतं. दोन वाजता आणखीच अवघड झालं. चिमाबाई परत वाटी-वाटीनं हंडा भरत होती. मधूनच तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं काही सांगत होती. मी हं, हं करत होतो.

पावणेतीनला ऊन थोडं कललं तेव्हा मी म्हणालो, "वर माझा मित्र आहे. आजारी आहे."

तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"कव्हापास्नं?"

मी कॅन उचलला. पुढचं वर सांगितलंय.

शशीच्या जागी अनुकंपा तत्त्वावर वैजयंतीवहिनींना शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळाली. त्या कारकून झाल्या. पुढची एकोणीस वर्षं रोज सकाळी मी ऑफिसात जायचो आणि त्या "नमस्कार सर" म्हणायच्या. त्यांच्या मुलीला मी भूगोल शिकवला. तिच्या लग्नात अक्षता वाटल्या. दर सोळा मेच्या आसपास मी त्यांच्याकडं जायचो. चहा व्हायचा. शशी शेवटचं काय बोलला, हे त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं. मी चेष्टेचं ते सांगितलं. त्या हसल्या आणि मग आत निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी त्या दिवसाबद्दल कधीच काही विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना सोसत नसेल.

बाकी सगळे मात्र बोलायचे. शाळेत शशीच्या नावानं दरवर्षी धावण्याची शर्यत व्हायची आणि तिथं कुणीतरी हमखास सांगायचं, गायधनी सरांनी मित्रासाठी जिवावर उदार होऊन भर उन्हात घळ उतरली, चढली. मी खुर्चीत बसून ऐकायचो. पहिल्यांदा अंगावर काटा यायचा. नंतर नंतर तो यायचाही बंद झाला. तेच जास्त वाईट होतं, असं आता वाटतं. मी पुन्हा कधी डोंगरात गेलो नाही. लोकांना तेही मैत्रीचंच लक्षण वाटायचं.

दोन हजार अठराच्या एप्रिलअखेरीस मी निवृत्त झालो. दुपारी निरोप समारंभ होता. मुख्याध्यापकांनी पुन्हा तेच सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंतीवहिनी मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या. शाल, नारळ, फोटो झाले. सगळे पांगले. मी ऑफिसात गेलो. त्या एकट्याच होत्या, कपाटात फायली लावत होत्या. केस निम्मेअर्धे पांढरे झालेले.

"वहिनी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्या दिवसाचं."

त्यांनी हातातली फाईल जागेवर लावली.

"झऱ्यापाशी बसला होतात, ते ना?"

मी शाल टेबलावर ठेवली.

"दुसऱ्या उन्हाळ्यात गेले होते मी," त्या म्हणाल्या. "भावाला घेऊन. ते जिथं गेले ती जागा बघायची होती. ती बाई भेटली, चिमाबाई. मी त्यांची बायको हे कळल्यावर माझे पाय धरायला लागली. म्हणाली, बाई, मीच त्या गुरुजीस्नी बस म्हनले, मला ठावं नव्हतं. दिवसभर रडत होती. मला सोडायला तयार नव्हती."

"मग तुम्ही एवढी वर्षं…"

"पहिली काही वर्षं वाटायचं, तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही चहाला यायचात तेव्हा मी मुद्दाम शेजारणीला, मुलीला बाहेर पाठवायचे. म्हटलं, सरांना बोलायला मोकळं वाटेल. तुम्ही चहा प्यायचात आणि मुलीच्या मार्कांचं विचारून निघून जायचात." त्यांचा आवाज चढला नाही. "मग एक दिवस मी वाट बघायची सोडली. साल आठवत नाही."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. क्षमा हा शब्द असावा. त्यांनी हात वर केला.

"ते नको. एकच विचारायचंय. इतकी वर्षं डोक्यात आहे." त्या पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलल्या. "चिमाबाईनं आपली शिदोरी तुम्हाला दिली होती. दोन भाकरी आणि ठेचा. ती म्हणाली, मी दिली, पण नंतर बघितलं नाही. तुम्ही एखादी भाकरी यांच्यासाठी ठेवली होतीत का?"

बाहेर शिपाई माझे हार आणि नारळ रिक्षात ठेवत होता. शाळेच्या नळावर कुणीतरी तोंड धूत होतं. हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. पंचनाम्यात नव्हता. माझ्या मनातल्या कबुलीतही मी तो येऊ दिला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "दोन्ही खाल्ल्या."

त्यांनी मान हलवली. कपाट लावलं, खिडक्या ओढून घेतल्या, पंखा बंद केला.

"चला सर," त्या म्हणाल्या, "मला कुलूप लावायचंय."